डावीकडचा पांढरा दिवा

आधी दिसली ती चप्पल. एकच, गॅरेजच्या दारात, उलटी पडलेली. मग दिसला हात.

करड्या मोटारीची डिकी उघडी होती आणि तिच्या मागे आत्या पालथी पडली होती. डोक्याखालची फरशी लाल झाली होती. शेजारी जॅकचा लोखंडी दांडा होता. त्याच्या टोकाला केस चिकटले होते.

"आत्या!"

दप्तर हातातून कधी गळलं ते टेस्टरला कळलंच नाही.

टेस्टर हे तिचं खरं नाव नव्हे. पण जिथे नाक खुपसायचं नाही तिथे खुपसायचं, आणि आत दिवा लागेपर्यंत बाहेर काढायचं नाही, ही सोळा वर्षांच्या पोरीची ख्याती. त्यामुळे घरात, शाळेत, गल्लीत सगळे तिला टेस्टरच म्हणत. नाव आत्यानेच ठेवलं होतं. आत्या मोटारींच्या वायरिंगची कामं करायची, आणि त्या भागात तिच्यासारखं वायरिंग कळणारं दुसरं कोणी नव्हतं.

टेस्टरने नाकापुढे बोट धरलं. श्वास होता. अगदी तुटक, पण होता.

ती शेजारच्या टायरच्या दुकानात धावली. टायरकाकांचा कंप्रेसर असा धडधडत होता की ती ओरडतेय हे त्यांना तिचं तोंड बघून समजलं. दोघं परत आली, मागून रस्त्यावरची दहा-बारा माणसं आली, आणि सगळे दारातच थबकले.

आत बाबा उभे होते. हातात तो दांडा. शर्टावर रक्त.

"यानेच सकाळी बहिणीवर पाना फेकला होता!" कोणीतरी ओरडलं.

पुढे जे झालं त्याला दोन मिनिटंही लागली नाहीत. पहिला ठोसा तोंडावर बसला, दुसरा पोटात. बाबा खाली पडले तशा लाथा सुरू झाल्या. "मी आत्ता आलो... ताई... ताईला बघा आधी..." हे फक्त टेस्टरला ऐकू आलं. ती त्या पायांच्या गर्दीत घुसली आणि बाबांच्या अंगावर आडवी पडली. एक लाथ तिच्याही खांद्यात बसली. मग टायरकाकांनी एकेकाची कॉलर धरून माणसं बाहेर फेकली.

फौजदारबाई आल्या तेव्हा आत्याला घेऊन रुग्णवाहिका निघून गेली होती आणि बाबा भिंतीला टेकून बसले होते. भुवई फाटली होती. एक डोळा बंद झाला होता.

फौजदारबाई उंच होत्या, आवाज कोरडा. मोटारीतून मघापासून कीं कीं असा आवाज येत होता. चालकाच्या बाजूचं दार उघडं आणि किल्ली चालू.

"ते आधी बंद कर गं. हातमोजे घाल."

टेस्टर सीटवर बसली. पाय अलगद पेडलवर टेकले. तिने किल्ली फिरवली. आवाज थांबला.

"सकाळी भांडण कशावरून?" फौजदारबाईंनी विचारलं.

"माझ्यावरून," टेस्टर म्हणाली. "मी शाळा बुडवून इथे येते ते बाबांना कळलं. ते म्हणाले, पोरीला वायरी चाटायला लावू नकोस. आत्या म्हणाली, तुझ्यापेक्षा तिला जास्त समजतं. मग बाबांनी पाना फेकला."

"आत्याला लागला?"

"नाही. बरणीला. ती फुटली."

"कसली बरणी?"

"गाड्यांमध्ये सापडलेल्या वस्तूंची. नाणी, टाचण्या, कानातली. जे सापडेल ते आत्या आधी बरणीत टाकते, गाडी परत देताना मालकाला देते. गेल्या वर्षभरातलं सगळं त्यात होतं. सकाळी मीच झाडून गोळा केलं आणि डब्यात भरून ठेवलं. आत्याने फळीवर नवी बरणी मांडली."

फौजदारबाई बाबांकडे वळल्या. "तुम्ही एक वाजताच छापखान्यातून निघालात. अडीचपर्यंत कुठे होतात?"

"चालत होतो."

"कुठे?"

"कुठेच नाही. ताईची माफी कशी मागायची ते ठरत नव्हतं." बाबांनी ओठांवरचं रक्त पुसलं. "मागच्या दाराने आत आलो. ती तशी पडलेली. दांडा का उचलला, मला सांगता येणार नाही."

"मी आले तेव्हा दांडा खालीच होता!" टेस्टर म्हणाली. "बाबा नंतर आले."

"किंवा आधी आले, मारलं, मागे लपले, आणि तू बाहेर धावलीस तेव्हा दांडा न्यायला परत आले." फौजदारबाईंनी वही मिटली. "तुझी आत्या शुद्धीवर आली तर ती सांगेल. नाही आली तर हा खून ठरेल. तोवर हे माझ्याबरोबर."

त्यांनी बाबांना उठवलं. जाताना बाबांनी टेस्टरकडे पाहिलंच नाही. ते तिला त्या लाथेपेक्षा जास्त लागलं.

टायरकाकांचा जबाब दारातच झाला.

"शेवटचं तिला कधी पाहिलंत?"

"पाहिलं नाही, ऐकलं. पावणेदोनला. खो खो हसत होती. तिचं हसणं म्हणजे बंद पडलेली गाडी ढकलून चालू होते ना, तसं. मग मी कंप्रेसर लावला. त्यानंतर माझ्या कानाशी तोफ उडाली असती तरी कळलं नसतं."

"एकटीच हसत होती?"

"आता ते मी कसं सांगू? एकटीही हसते ती. वायर सापडली की."

तेवढ्यात समोरच्या दवाखान्यातून दाताचे डॉक्टर धावत आले. पांढरा कोट, ठेंगणी मूर्ती, हातात मलमपट्टीची पेटी. ही मोटार त्यांचीच.

"काय हे! मला आत्ता कळलं. दीड वाजल्यापासून पोस्टमन खुर्चीत होता, दाढ काढत होतो." त्यांनी टेस्टरच्या खांद्याला हात लावला. "घाबरू नकोस बाळ. मागच्या वर्षी तुझी दाढ काढली, आठवतंय? भूल चढेपर्यंत सुद्धा तुला धीर निघत नव्हता."

"गाडी तुम्ही आणून दिलीत?" फौजदारबाईंनी विचारलं.

"छे! मला चालवता येत नाही. हॉर्न कुठे असतो तेही माहीत नाही. बारा वाजता माझ्या ड्रायव्हरने सोडली आणि तो बसने गावी गेला. मी तर इकडे फिरकलोही नाही."

"तुमचे भागीदार चालवतात का?"

"मोठे डॉक्टर? ते महिन्यापूर्वीच गेले. परदेशात, मुलाकडे."

टायरकाकांनी उसासा सोडला. "न सांगताच गेले हो. देवमाणूस! हसले की वरचा चांदीची टोपी घातलेला दात असा चमकायचा, जणू गाडीचा दिवाच."

रात्र टेस्टरने इस्पितळाच्या बाकावर काढली. सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कवटीला तडा आहे, वाट बघायची. दहा वाजता टेस्टर पोलीस ठाण्यात, फौजदारबाईंच्या टेबलासमोर होती.

"आत्या त्या गाडीत काय शोधत होती ते मला शोधू द्या."

"दिव्यातला बिघाड. तिच्या कागदावर लिहिलंय."

"तो सापडला का तिला? कुठे? सापडल्यावर तिला का मारलं?"

"पोरी, तुझे बाबा..."

"बाबांनी सकाळी सगळ्यांच्या देखत पाना फेकला आणि सहा फुटांवरून नेम चुकवला! त्यांना कॅरमसुद्धा खेळता येत नाही!"

फौजदारबाईंच्या ओठांचा कोपरा किंचित हलला. "एक तास. मी समोर बसणार."

गॅरेजमध्ये आत्याचा कागद अजून खिळ्याला टोचलेला होता. 'मागचे दिवे. कधी लागतात, कधी नाही. खड्ड्यात जास्त. कधीपासून: एक महिना.'

खरा ताप या 'कधी कधी'चाच. तुटलेली वायर बिचारी सरळ असते, तुटली म्हणून सांगते. अधूनमधून दगा देणारी वायर सोंगाडी असते. तुम्ही बघत असलात की शहाण्यासारखी वागते.

टेस्टरने खिळ्यावरची काठी काढली. हाताएवढी लाकडी काठी, एका टोकाला रबर. ती सीट आणि ब्रेकच्या पेडलमध्ये अडकवली की ब्रेक दाबलेला राहतो आणि एकट्या माणसाला मागे जाऊन दिवे बघता येतात. काठी जेमतेम बसली. एरवी ती सैल पडायची, मध्ये फडकं कोंबावं लागायचं.

टेस्टर क्षणभर तशीच ओणवी राहिली. मग मागे गेली.

उजवा ब्रेकचा दिवा लालभडक. डावा मरगळलेला, आणि त्याच्या शेजारचा पिवळा वळण्याचा दिवा उगाचच मिणमिणत होता.

"हे बघा!" ती ओरडली. "ब्रेक दाबल्यावर पिवळा कशाला लागतोय? विजेला परत जायची वाट सापडत नाहीये, म्हणून ती शेजारच्या घरातून चाललीय. अर्थिंग गेलंय. डावं."

"खात्री कशी?"

टेस्टरने बॅटरीच्या वजा टोकापासून एक लांब वायर आणून डाव्या दिव्याच्या काळ्या वायरीला टेकवली. डावा दिवा भक्कन पेटला. काढली, मरगळला. मग ती डिकीत शिरली आणि काळ्या वायरीला बोटांनी गुदगुल्या करत, दिव्याकडे बघत, इंच इंच मागे गेली. कोपऱ्यातलं अस्तर आधीच उचकटलेलं होतं. खाली बॉडीला आवळलेला बोल्ट होता. अर्धा सोडवलेला.

"आत्या इथपर्यंत आली होती."

बोल्टच्या भोवती खपली धरली होती. पावसाच्या पाण्याने तांबं हिरवं पडतं, हे तिला तिसरीपासून माहीत होतं. ही खपली काळपट तपकिरी होती. नखाने खरवडली तर खाली लालसर. तिचा हात थांबला. हाच रंग काल तिच्या शाळेच्या गणवेशावर वाळला होता.

"बाई," ती हळूच म्हणाली, "हा गंज नाहीये."

फौजदारबाईंनी वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डिकीच्या तळाकडे. तळ स्वच्छ होता. नुसता स्वच्छ नाही, घासून धुतलेला.

टेस्टर उठली. फळीवर नवी बरणी होती. तिने ती हातमोज्यावर रिकामी केली. एक नाणं. एक केसाची पिन. आणि एक पिवळट खडा, एका बाजूने चकाकणारा.

काल सकाळी बरणी रिकामी होती. कालपासून या गॅरेजमध्ये एकच गाडी आली होती.

"मला तीन माणसं हवीत," टेस्टर म्हणाली. "टायरकाका, ड्रायव्हर आणि डॉक्टर."

फौजदारबाईंनी खडा एका छोट्या पिशवीत घातला, तोंड बंद केलं आणि दोन फोन केले.

चार वाजता गॅरेजमध्ये सगळे जमले. ड्रायव्हर पहिल्या बसने परतला होता. एवढा उंच की शटरखालून येताना त्याने सवयीने मान खाली घातली. डॉक्टर घड्याळ बघत होते. फौजदारबाई चालकाच्या दाराशी उभ्या राहिल्या. इतक्या तपासण्यांत बॅटरी बसेल म्हणून टेस्टरने इंजिन चालू ठेवलं आणि डिकी बंद केली.

"आत्या काम करताना जो समोर येईल त्याला पेडलवर बसवते," ती म्हणाली. "एकाने ब्रेक दाबायचा, तिने मागून दिवे बघायचे. कोणीच नसेल तेव्हा ही काठी. काल मी आले तेव्हा काठी खिळ्यावर होती, किल्ली चालू होती, दार उघडं होतं. म्हणजे पेडलवर कोणीतरी बसलं होतं आणि घाईने उतरलं होतं. आज एकेकाने बसायचं. ड्रायव्हरदादा, आधी तुम्ही."

ड्रायव्हर आत शिरला आणि त्याचे गुडघे स्टिअरिंगला आपटले. "आई गं! सीट कोणी पुढे ओढली?" त्याने खाली हात घातला.

"हात लावू नका! तसेच उतरा. काका, तुम्ही."

टायरकाकांचं पोट स्टिअरिंगपाशीच अडलं. "मला बाहेर ओढा रे! बायकोला निरोप द्या!"

"डॉक्टर."

"हा काय पोरखेळ आहे?"

"बसा," फौजदारबाई म्हणाल्या.

डॉक्टर बसले. त्यांचा पाय अलगद पेडलवर टेकला.

टेस्टर गाडीच्या मागे, भिंत आणि बंपरच्या मध्ये उभी होती. बोल्ट तिने दुपारीच काढून घेतला होता. खपली पोलिसांच्या डबीत गेली होती. नवा बोल्ट, घासून लख्ख केलेली बॉडी, घट्ट आवळलेली वायर.

"दाबा!"

दोन्ही लाल दिवे सारखेच पेटले.

"सोडा! दाबा! छान, आत्यालाही तुम्ही असंच करून दिलंत ना?" तिचा आवाज चढला. सगळं कोडं सुटल्याची नशा तिच्या डोक्यात भिनली होती. "तुम्ही इकडे फिरकला नाहीत म्हणालात. पोस्टमन खुर्चीत होता, खरंय. पण इंजेक्शन दिल्यावर भूल चढेपर्यंत दहा मिनिटं माणूस छताकडे बघत एकटाच पडलेला असतो. मागच्या वर्षी मीही पडले होते! रस्ता ओलांडायला तुम्हाला किती वेळ लागतो, डॉक्टर?"

आरशात डॉक्टरांचे डोळे तिच्यावर खिळले.

"आत्याला कोपऱ्यात काय सापडलं, बघायचंय?" तिने मूठ आवळून वर केली. मूठ रिकामी होती, पण आरशात ते कुठे कळणार? "दात! चांदीच्या टोपीचा!"

लाल दिवे विझले.

आणि डावीकडचा पांढरा दिवा लागला.

या गाडीला मागे जाण्याचा दिवा एकच होता, डावीकडे. लाल विझून पांढरा लागला याचा अर्थ काय, हे टेस्टरच्या डोक्याआधी तिच्या पायांना कळलं. तिने बाजूला उडी मारली. गाडी किंचाळत मागे आली आणि ती जिथे उभी होती त्या भिंतीवर आदळली. विटा फुटल्या, फळी कोसळली, बॅटऱ्या जमिनीवर आपटल्या.

दाराचा आरसा लागून फौजदारबाई कोलमडल्या, पण त्यांनी खिडकीची कड सोडली नाही. डॉक्टरांनी गियर बदलला. गाडी पुढे झेपावली, फौजदारबाई फरफटत गेल्या, आणि दारात टायरकाकांनी ट्रकचा अख्खा टायर घरंगळत समोर घातला. बोनेट वर उचललं गेलं. इंजिन धापा टाकून बंद पडलं. डॉक्टरांनी कोटाच्या खिशातून पातळ सुरी काढली आणि फौजदारबाईंचा हात कोपरापासून मनगटापर्यंत उभा फाडला. फौजदारबाईंनी दुसऱ्या हाताने डॉक्टरांची मान धरली आणि कपाळ स्टिअरिंगवर आपटलं. एकदा. दोनदा.

तिसऱ्यांदा हॉर्न वाजला.

"सापडला हॉर्न?" फौजदारबाई म्हणाल्या.

हाताला टाके घालून घेतानाच त्यांनी सगळं टेस्टरकडून पुन्हा ऐकलं.

"मोठ्या डॉक्टरांना याची पदवी खोटी असल्याचं कळलं होतं, हे आता त्याने कबूल केलंय," त्या म्हणाल्या. "दवाखान्यातच मारलं. तोंडावर मारलं, दात हलला. पुढे?"

"डिकीत घालून नेलं. रक्त कोपऱ्यात झिरपलं, दात अस्तराखाली गेला. मग डिकी धुतली, तर उरलंसुरलं खारट पाणी थेट अर्थिंगच्या बोल्टवर गेलं. तिथून दिव्यांचं नाटक सुरू झालं. एक महिना. मोठे डॉक्टर गेले त्यालाही एक महिना. ड्रायव्हरला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, त्याने गाडी सरळ आत्याकडे आणून सोडली. डॉक्टरला कळलं तेव्हा तो बघायला आला, आणि आत्याने त्यालाच पेडलवर बसवलं."

"आणि ती का हसली?"

"दाताच्या डॉक्टरची गाडी, आणि आत दात! ती हसणारच ना. हसली, दात बरणीत टाकला आणि पुन्हा बोल्टकडे वाकली. त्याने मारल्यावर तिच्या मुठी तपासल्या असतील, खिसे तपासले असतील. बरणीचं त्याला काय माहीत? जुनी बरणी भरलेली असती तर मलाही कळलं नसतं. ती बाबांनी फोडली म्हणून!"

"छान. आता मला एक सांग. मुडदा टाकायला गाडी कोणी चालवली असं तुला वाटत होतं?"

टेस्टरचं तोंड उघडं राहिलं.

"तो म्हणाला, त्याला येत नाही."

"आणि तू खुन्याला चालू इंजिनपाशी बसवून मागे उभी राहिलीस. मीही मूर्ख, बघत राहिले."

चौथ्या दिवशी आत्याने डोळे उघडले. डोक्याला एवढं मोठं बँडेज, ओठ सुकलेले. पलंगाच्या एका बाजूला टेस्टर होती, दुसऱ्या बाजूला बाबा. बाबांचा डोळा अजून निळा होता.

टेस्टरने सगळं सांगितलं. भडाभडा, हातवाऱ्यांसकट, टायरकाकांच्या पोटासकट. आत्या ऐकत राहिली.

"पांढरा दिवा लागला?" तिने विचारलं.

"लागला! लगेच! मी नवा बोल्ट लावला होता ना."

"घासून?"

"घासून."

आत्याने समाधानाने डोळे मिटले. मग एक उघडला.

"आणि मागे उभं राहण्याआधी चाकाला वीट लावली होतीस?"

टेस्टर चादरीचा काठ चोळू लागली. गॅरेजमधला पहिला नियम. तिसरीत असल्यापासूनचा.

"गाढवे," आत्या पुटपुटली. "चार इंचांची वीट. तेवढी सुद्धा..." तिचा आवाज फाटला. ती भावाकडे बघेना. "तू खरं बोलत होतास. नको पाठवूस तिला."

बाबा पलंगाच्या कडेला बसले. मग त्यांनी बहिणीचा हात हातात घेतला. नखांत अजून काळं ग्रीस होतं.

"ताई," ते म्हणाले, "शाळा सुटली की तिला मीच घेऊन येत जाईन. वीट मी लावीन."